तपासणी कॅमेरा : सेन्सर व भिंग

उत्पादनरेषेवरील मालातले दोष टिपणारा कॅमेरा. रायगड जिल्ह्यात, राजपुरी खाडीच्या मुखाशी असलेल्या दिघी बंदराच्या नावाने औद्योगिक क्षेत्र उभारण्यास केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. अशा किनारपट्टीवरील कारखान्यांत, जिथे हवा खारी असते, या कॅमेऱ्याची जुळणी नीट समजून घ्यावी लागते.

प्रकाशाचे विद्युत्‌संकेत सेन्सर करतो. त्याच्या ओळी एकामागोमाग वाचल्या गेल्या, तर पट्ट्यावर धावणारी वस्तू तिरकी दिसते. म्हणून तेथे सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपणारा ‘ग्लोबल शटर’ सेन्सर घेतात. भिंगाचे केंद्रांतर साधारणपणे असे काढतात : वस्तूचे अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले दृश्याची रुंदी. ३.४५ मायक्रोमीटरचे २,४४८ पिक्सेल म्हणजे सुमारे ८.४ मिमी. रुंदी, १,२५० मिमी. अंतरावरून ४२० मिमी. पट्टा पाहायला २५ मिमी.चे भिंग लागते. एका पिक्सेलवर ०.१७ मिमी. येतो. दोष ओळखायला किमान दोन-तीन पिक्सेल हवेत, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून बारीक चरा येथे भरवशाने सापडणार नाही. पट्टा सेकंदाला ५०० मिमी. धावत असेल, तर टिपताना वस्तू एका पिक्सेलहून अधिक सरकू नये म्हणून उघडझाप १/३००० सेकंदाहून लांबवू नये.

भिंगाचे छिद्र लहान केल्यास स्पष्टतेची खोली वाढते, पण ते फारच लहान केल्यास विवर्तनाने कडा पसरतात. प्रतिमा उजळ करण्यासाठी गेन (संकेताचे विवर्धन) वाढवणे हा आळशी उपाय. त्याने कुरकुर (नॉइज) वाढते. त्यापेक्षा दिवा वाढवावा.

खाऱ्या हवेत पुढच्या काचेवर मिठाचा थर बसतो व प्रतिमा धूसर होते; तेव्हा सेटिंगला हात लावण्याआधी काच पुसावी.