नाक्यावरची जकात

व्युत्पत्तीचा तास चालू होता. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, रमजानमध्ये आपण काढतो ती जकात आणि जुन्या नाक्यावरची जकात एकच का?"

शब्द एकच. अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि इथे व्यापारी मालावरचा कर झाला. फरक एवढाच, की पहिल्या जकातीचा हिशेब माणूस स्वतः करतो, दुसरीचा नाकेदार. भांडण तिथेच सुरू होते.

ते जुने आहे. आठव्या शतकात इमाम अबू युसूफ यांनी खलिफा हारून रशीद यांच्यासाठी 'किताबुल खराज' लिहिला. त्यात रस्त्यावर कर घेणाऱ्या 'आशिर'चे नियम आहेत : मुसलमान व्यापाऱ्याकडून चाळिसावा हिस्सा, जिम्मीकडून विसावा, परराज्यातल्याकडून दहावा. माल २०० दिरहमांपेक्षा कमी किमतीचा असेल तर काहीच नाही. म्हणजे माल १९५ चा की २०५ चा, यावर सगळे आले. हनफी फिकहने इथे एक वाट दाखवली : 'माझ्यावर कर्ज आहे' असे व्यापारी शपथेवर म्हणाला, तर त्याचा शब्द मानावा.

औरंगजेबाने १६६५ मध्ये मुसलमानांना अडीच आणि हिंदूंना पाच टक्के असा दर ठरवला. १६६७ मध्ये मुसलमानांना माफीच दिली. मग हिंदू व्यापाऱ्यांचा माल मुसलमानांच्या नावावर जाऊ लागला आणि माफी मागे घ्यावी लागली. आपल्या लोकांनी हे प्रामाणिकपणे वाचायला हवे. दर माणसाच्या धर्मावर ठरला, की खोटे बोलण्याची सोय राज्यच करून देते.

आता दर मालावर ठरतो, पण किंमत कोणाची, हा प्रश्न उरलाच. १९६२ च्या कस्टम्स कायद्याचे कलम १४ त्यासाठीच आहे. आयशर ट्रॅक्टर्सने जपानहून जुन्या साठ्यातले बेअरिंग मोठ्या सवलतीत आणले. मुंबईच्या कस्टम्सने छापील दरपत्रक पुढे केले : इतकी सवलत कशी? २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, सवलत ही व्यापारातली रीतच आहे; नुसत्या दरपत्रकावरून बिलातली किंमत फेटाळता येत नाही. २००७ च्या नियमांनुसार अधिकाऱ्याला संशय घेता येतो, पण त्याला रास्त कारण लागते.

संशय उगाच नसतो. कमी किमतीची बिले बनतातच, आणि तो भार प्रामाणिक व्यापाऱ्यावर पडतो.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले : शब्द खरा धरून चालावे, खोटा म्हणायचे तर कारण द्यावे. आणि शब्द देणाऱ्याने लक्षात ठेवावे, मापात खोट करणाऱ्यांच्या नावाची एक अख्खी सूरा कुराणात आहे.