गहाण, तारण आणि आपलं वऱ्हाड

आपल्यापैकी बहुतेकांनी इथलं घर कर्ज काढूनच घेतलं. त्या वेळी 'गहाण' आणि 'तारण' हे शब्द कितीदा कानावर पडले आणि किती कागदांवर सह्या झाल्या, याची गणतीच नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने या दोन शब्दांची गोष्ट सांगतो, कारण ती पिंपळगाव राजापासून फार लांबची नाही.

'गहाण' हा संस्कृत 'ग्रहण'वरून आला, म्हणजे धरून ठेवणं. 'तारण' हा 'तरणे'च्या घरातला, म्हणजे वाचवणारं. पैसे बुडाले तर सावकाराला वाचवणारी वस्तू ती तारण. गहाणाचे जुने दोन प्रकार आपल्या वाडवडिलांना तोंडपाठ होते. नजरगहाणात शेत कर्जदारच कसायचा. ताबेगहाणात शेत सावकाराकडे जायचं आणि उत्पन्नही तोच घ्यायचा.

आता गंमत पाहा. आपलं अख्खं वऱ्हाडच एकदा असं अडकलं होतं. इंग्रजांच्या देखरेखीखालच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेचा खर्च निजामाकडे थकला. म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीकडे सोपवले गेले. मालकी निजामाची, वसुली इंग्रजांची. करारात गहाण हा शब्द नसेना का, माझ्या मते व्यवहार ताबेगहाणाचाच!

१८६० मध्ये सुमारे ५० लाखांचं कर्ज माफ झालं. धाराशिव आणि रायचूर परत गेले, पण वऱ्हाड नाही. निजामाचे दिवाण सालारजंग ते मागत राहिले. शेवटी १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड इंग्रजांनी कायमच्या पट्ट्याने घेतलं. थोडक्यात, कर्ज गेलं, पण गहाण काही सुटलं नाही.

साध्या कर्जदाराला मात्र कायद्याचा आधार आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० प्रमाणे कर्ज फेडलं की गहाण सोडवून घेण्याचा हक्क मिळतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यावी लागतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

तेव्हा मंडळी, शेवटचा हप्ता भरला म्हणून निवांत बसू नका. मूळ कागद मोजून घ्या, बोजा उतरवून घ्या आणि संस्थेच्या दप्तरातही तशी नोंद करा. घर तेव्हाच खऱ्या अर्थाने सुटलं म्हणायचं.