क्रिकेटची किशोर कादंबरी : मैदानापासून छापखान्यापर्यंत

कोल्हापूर : तालमींचे फुटबॉल संघ आणि खासबागेतील कुस्त्या यांसाठी प्रसिद्ध असलेल्या करवीरनगरीने भारतीय क्रिकेटला एक असा विक्रम दिला आहे, जो कोणत्याही किशोर कादंबरीचा कळसाध्याय ठरावा. भाऊसाहेब निंबाळकर यांच्या नाबाद ४४३ धावांची ही कथा आहे. क्रिकेटवर मुलांसाठी लिहू पाहणाऱ्याला विषयाचा शोध घेत दूर जाण्याची गरज नाही. खरी कसोटी आहे ती मांडणीची.

अपूर्ण राहिलेला डाव

निंबाळकर यांचा जन्म १९१९ मध्ये कोल्हापुरात झाला. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी करंडक सामन्यात महाराष्ट्राची गाठ काठियावाडशी पडली. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. त्याला उत्तर देताना कमल भांडारकर (२०५) आणि निंबाळकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. तिसऱ्या दिवशी विश्रांतीच्या वेळी महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. डॉन ब्रॅडमन यांचा १९३० मधील ४५२ धावांचा जागतिक विक्रम मोडण्यास निंबाळकर यांना अवघ्या १० धावा हव्या होत्या. मात्र, डाव घोषित न केल्यास आपण खेळणार नाही, असे काठियावाडच्या कर्णधाराने सांगितले. त्यांचा संघ मैदानावर परतलाच नाही आणि सामना तेथेच संपला.

निंबाळकर यांना अधिकृत कसोटी सामना कधीही खेळायला मिळाला नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील भारतीय फलंदाजाची सर्वोच्च धावसंख्या आजही त्यांच्याच नावावर आहे.

नायक कसा हवा?

मुलांच्या खेळकथेत अखेरच्या चेंडूवर विजय मिळतो, असा रूढ संकेत आहे. येथे नायक हरत नाही, बाद होत नाही, तरीही त्याला हवे ते मिळत नाही. हा अन्याय मुलांना कसा सांगावा, हाच कादंबरीचा गाभा होऊ शकतो. इतिहास जसाच्या तसा सांगितला तर ते चरित्र होईल. आजच्या पेठेतील एखाद्या मुलाला किंवा मुलीला ही हकीकत कळते आणि तिच्या मनात प्रश्न उभे राहतात, अशी रचना केल्यास कल्पित व वास्तव दोहोंना जागा मिळते. नायिका मुलगी असण्यातही नवल नाही. कोल्हापूरच्या अनुजा पाटील हिने २०१२ मध्ये भारतीय महिला संघातून टी-ट्वेंटी पदार्पण केले.

आधीच्या वाटा

इंग्रजीत टॉमस ह्यूज यांच्या १८५७ मधील शालेय कादंबरीत क्रिकेट सामना येतो. पी. जी. वुडहाउस यांची ‘माइक’ १९०९ मध्ये पुस्तकरूपाने आली. तत्पूर्वी ती मुलांच्या मासिकात क्रमशः छापली गेली होती. बंगालीत क्रीडा पत्रकार मोती नंदी यांनी क्रिकेट खेळणाऱ्या कलावतीला नायिका केले. खैरुन्निसा ए. यांची ‘हाउज्झॅट बटरफिंगर्स’ ही भारतीय इंग्रजी किशोर कादंबरी २०१० मध्ये आली. मराठीत भा. रा. भागवत यांच्या ‘फास्टर फेणे’ने हे दाखवून दिले, की फुरसुंगीसारख्या गावचा किडकिडीत मुलगाही पिढ्यान् पिढ्यांचा नायक होऊ शकतो.

लेखन आणि प्रकाशन

क्रिकेटकथेचा मोठा शत्रू म्हणजे धावते वर्णन. प्रत्येक षटकाचा हिशेब दिला, तर कादंबरीचा धावफलक होतो. सामन्यातील मोजकेच चेंडू रंगवावेत; बाकीचे दोन ओळींत संपवावेत. ‘एलबीडब्ल्यू’ किंवा ‘फॉलोऑन’ हे शब्द प्रसंगातून उलगडावेत, तळटिपेतून नव्हे. खेळ न समजणाऱ्या मुलालाही नायकाची घालमेल समजली पाहिजे.

पुस्तक छापताना पाने सामान्यतः सोळाच्या फर्म्यात बसवली जातात. त्यामुळे चित्रांची संख्या आरंभीच ठरवणे हिताचे असते. चित्रकाराला खेळाची जाण हवी. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज पुढच्या चित्रात डावखुरा झालेला मुलांच्या नजरेतून सुटत नाही. जुनी छायाचित्रे वापरायची असल्यास हक्कधारकाची लेखी परवानगी आवश्यक ठरते. मानधन, आवृत्तीच्या प्रती आणि भाषांतर व चित्रपटाचे हक्क करारात स्पष्ट नोंदवलेले बरे. १९७१ पासून निघणारे बालभारतीचे ‘किशोर’ आणि मुलांचे दिवाळी अंक यांत एखादे प्रकरण आधी प्रसिद्ध झाले, तर वाचकांचा कौल लवकर कळतो. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार सुरू केल्याने या लेखनाकडे पाहण्याची दृष्टीही काहीशी बदलली.

हस्तलिखित प्रकाशकाकडे जाण्यापूर्वी ते पाचवी-सहावीच्या वर्गात वाचून दाखवावे. मुले जिथे चुळबुळ करतात, तिथे कात्री लावावी. जिथे ‘पुढे काय झाले?’ विचारतात, तिथे थांबावे. त्या १० धावा का झाल्या नाहीत, हा प्रश्न एखाद्या मुलाने घरी जाऊन आजोबांना विचारला, तर कादंबरीचे निम्मे काम झाले असे समजावे.