नावं पायी फिरतात



दिंडीला शंभर वर्षं झाली, तुम्हीही चार ओळी लिहा, असं मंडळींनी सांगितलं. मी चौथी शिकलेला कास्तकार. पण कीर्तनासाठी गावोगाव फिरताना एक गोष्ट ध्यानात आली. नावंही आपल्यासारखीच पायी फिरतात.

नदीचंच पाहा. पंढरपुरची नदी खरी भीमा. तिथं चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. तिकडे पंजाबातल्या चिनाब नदीचं जुनं नावही चंद्रभागाच. आपल्या नागपूर जिल्ह्यात धापेवाड्याले विदर्भाची पंढरी म्हणतात, तिथल्या नदीचं नावही चंद्रभागा. गंगा काशीले, पण आपल्याकडे पैनगंगा आहेच. ज्याले दूरचं तीर्थ घडत नाही, तो तिचं नाव आपल्या पाण्याले देतो. त्यानं मूळ तीर्थ काही उणं होत नाही.

पदव्यांचं तसंच झालं. देशमुख म्हणजे परगण्याचा मुख्य, वसूल पाहणारा. देशपांडे हिशेब लिहिणारा. पाटील गावाचा. काम बापाकडून लेकाकडे गेलं आणि हुद्द्याचं आडनाव झालं. १९६२ च्या कायद्यानं वतनी पाटीलकी गेली, तरी पाटील घरोघर आहेत.

मोठ्यांचीही तीच गत. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १९०२ साली ते कायमच्या पट्ट्यानं गेलं. आणि १९३६ साली निजामाच्या थोरल्या मुलाले 'प्रिन्स ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, ही पदवी मिळाली! राजपुत्र हैदराबादेत, वऱ्हाडचा कारभार नागपूरहून. नाव राहिलं, काम नाही.

आता माझं सांगतो. 'महाराज' हा शब्द राजाचा. गळ्यात वीणा आली की आम्हालेही लोक महाराज म्हणतात. एका सप्ताहाच्या पत्रिकेत माझ्या नावाआधी 'ह.भ.प.' छापायचं राहिलं. मले राग आला. पंगतीत बसलो नाही, बाजूले उभा राहिलो. तेवढ्यात डोईवर तुळस घेतलेली एक म्हातारी आली. माझ्या पाया पडून म्हणाली, "माउली, जेवले नाही का?" मीही वाकलो. तिच्या पायाले भेगा होत्या, वारीच्या चिखलाच्या. माझ्या पायात नवी चप्पल होती. मले लाज वाटली. गुपचूप पंगतीत जाऊन बसलो.

माउली हे ज्ञानोबारायांचं नाव. वारीत ते आपण लहानाले, मोठ्याले, अनोळख्यालेही देतो. देशमुखी, पाटीलकी एका घरात राहिली. माउली कोणाच्याच घरात राहिली नाही, म्हणून ती सगळ्यांची झाली. पण माउली म्हणवून घेतलं, तर समोरचा जेवला का हे विचारावं लागते. शंभर वर्षं आपल्या दिंडीनं हेच केलं. पुढच्या पोरांनीही नावाच्या आधी काम सांभाळावं, एवढंच मागणं.

रामकृष्ण हरी.