हुकूमनामा आणि कबजा

जुन्या दप्तरांत हुकूमनामा आढळला कीं घरमालकास जागा मिळाली, असें संग्राहक धरून चालतात. आमच्या मतें हें अनुमान सयुक्तिक नाहीं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २१ व्या आदेशान्वयें मालकानें दरखास्त द्यावी, न्यायालयानें कबजा-वॉरंट काढावें व बेलिफानें जागा रिकामी करवावी, असा क्रम आहे. दार बंद असल्यास आगाऊ इशारा देऊन व पडदानशीन स्त्रियांस निघून जाण्यास अवसर देऊन मगच कुलूप तोडतां येतें. निकाल ज्यास बंधनकारक नाहीं असा हक्कदार वहिवाटदार आंत असल्यास वॉरंटाची प्रत डकवून दवंडी पिटतात. तो कबजा नांवापुरताच. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें अशा दरखास्तीस १२ वर्षांची मुदत आहे. सबब बेलिफाचा शेरा अथवा कबजापावती पाहिल्यावांचून घर सुटलें असें लिहूं नये.