सुश्रुताचा हिशेब: एका पायात ३० हाडं

आजचा विषय हाडांचा. म्हणजे खरं तर हाडं मोजण्याचा.

सुश्रुतसंहिता म्हणते माणसाला ३०० हाडं. शाळेचं पुस्तक म्हणतं २०६. यावरून लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, जुन्या लोकांना काही कळत नव्हतं. दुसरा म्हणतो, छे, सुश्रुताने तान्ह्या बाळाची हाडं मोजली होती, बाळाला ३००च्या आसपास असतातच की!

दोघांनीही मूळ यादी बघितलेली नसते. सुश्रुत नुसती बेरीज देत नाही, शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात तो सगळी फोड देतो: हातापायांत १२०, धडात ११७, मानेपासून वर ६३.

आधी एक पाय घेऊ. त्याच्या हिशेबाने प्रत्येक बोटात ३, म्हणजे १५. तळपाय आणि घोटा मिळून १०. टाच १, नडगीच्या भागात २, गुडघा १, मांडी १. एकूण ३०.

आता आजचा हिशेब. बोटांत १४, कारण अंगठ्याला दोनच पेरं असतात (हात लावून बघा, मी थांबतो). तळपाय, घोटा आणि टाच मिळून १२. नडगीकडे २, गुडघ्याची वाटी १, मांडी १. एकूण... ३०!

म्हणजे अंगठ्यात एक जास्त धरलं, तळपायात एक कमी पडलं, आणि बेरीज बरोबर आली. आमच्या धंद्यात याला म्हणतात दोन बग्सनी एकमेकांना खाल्लं. टेस्ट पास, पण कोड चुकीचा.

हाताची मोजणी तर तो वेगळी करतच नाही. पायासारखंच समजा, म्हणतो. चक्क कॉपी-पेस्ट. पण कोपराला गुडघ्यासारखी वाटी नसते, तिथे एक जास्त झालं. हाताच्या अंगठ्यात आणखी एक जास्त. आणि मनगटात ८ अधिक तळहातात ५ अशी १३ हाडं असताना त्याच्याकडे ११च येतात, दोन कमी. पुन्हा ३०. चार अवयवांची १२०. आजचं कुठलंही ॲनाटॉमीचं पुस्तक काढा, खांदा आणि खुबा सोडून हातापायांची हाडं १२०च.

खांद्याची ४ (पुढे दोन कॉलरबोन, मागे दोन पसरट हाडं) आणि खुब्याची २ आपण आज हातापायांच्या खात्यात टाकतो, म्हणून आकडा १२६ होतो. सुश्रुत तो भाग धडात धरतो. कटीत तो ५ हाडं सांगतो. आज मोठ्या माणसात मोजली तर खुब्याची दोन, त्रिकास्थी आणि माकडहाड अशी ४. पण खुब्याचं प्रत्येक हाड लहानपणी तीन तुकड्यांत असतं आणि वयात येताना जुळतं, त्यामुळे इथे 'एक हाड' कशाला म्हणायचं हाच प्रश्न आहे.

मग ३०० कुठून आले? मुख्यतः धड आणि डोक्यातून. एका बाजूला बरगड्या १२, तर तो ३६ सांगतो. नाक-कानांतली कूर्चा त्याच्याकडे 'तरुण' नावाचं हाडच. आणि दात, ३२च्या ३२. बाळाची थिअरी इथेच संपते. तान्ह्या बाळाला दात कुठले? शिवाय जन्मतः मनगटाची हाडं बनलेलीच नसतात, तिथे सगळी कूर्चा असते.

मला स्वतःला जुळलेल्या १२०पेक्षा दुसरी गोष्ट जास्त भारी वाटते. तो सरळ लिहितो की वेद मानणारे ३६० सांगतात, पण शल्यतंत्रात ३००च. चरकसंहितेत ३६०च आहेत, त्यात नखंसुद्धा मोजलेली. एवढ्या जुन्या आकड्यापुढे हा शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या वतीने म्हणतो की आमचा हिशेब वेगळा. साहजिक आहे. मोडलेलं हाड बसवायचं असेल तर नखं मोजून काय करणार? याच संहितेत हाड मोडण्याचे १२ आणि सांधा निखळण्याचे ६ प्रकार आहेत. १९०७ साली रुडॉल्फ हर्नले यांनी ऑक्सफर्डहून एक अख्खं पुस्तक काढलं, त्यात चरक आणि सुश्रुताच्या याद्या हाडागणिक ताडून बघितल्या.

आणि त्याने बघितलं कसं? प्रेत गवतात किंवा सालीत गुंडाळायचं, पिंजऱ्यात घालून संथ वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवायचं. सात रात्रींनी काढायचं आणि वाळा, बांबू, केस यांच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर बघायचा. सुरी नाहीच. मांडीचं, नडगीचं हाड असं मोकळं होताना स्पष्ट दिसणार. पण मनगट आणि घोट्यातली खड्यांएवढी हाडं घट्ट बांधलेली असतात, ती कुंच्याने सुटी होणं अवघड. माझा अंदाज, त्याचा हिशेब नेमका तिथेच कमी पडला तो यामुळेच.