जुम्मा तलाव आणि गोंडराजांच्या कबरी



इतिहासाचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे दिल्ली, आग्रा, दौलताबाद उभे राहतात. पण हिंगण्याहून रोज शिक्षणासाठी, नोकरीसाठी ज्या नागपुरात आपण जातो, त्या शहराचा पाया कोणी घातला, हे आपल्या किती मुलांना सांगता येईल?

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ साली 'राजापूर बारसा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा खेड्यांना एकत्र करून नागपूर वसविले. राजगादीच्या भांडणात मदत मागण्यासाठी तो औरंगजेबाच्या दरबारी गेला होता. तेथे त्याने इस्लामचा स्वीकार केला. पुढे बादशाहीचा जोर ओसरताच त्याने तिच्याविरुद्ध शस्त्रही उचलले. परंतु त्याचे खरे मोठेपण तलवारीत नव्हते. त्याने हिंदू व मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसे जवळ केली, कष्टाळू शेतकरी आणि कारागीर या मुलखात आणून वसविले. इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने १८२७ च्या आपल्या अहवालात या राजाच्या कारभाराची प्रशंसा केली आहे.

त्याच्यामागून आलेल्या चाँद सुलतानाने नागपूरला राजधानी केली, भोवती तट बांधला आणि नगराला पाणी मिळावे म्हणून तलाव करविला. तोच जुम्मा तलाव, म्हणजे शुक्रवारी तलाव, आजचा गांधीसागर. याच तलावाजवळ जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. गिरणी बंद पडली. तलाव मात्र उरला आहे.

चाँद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा तंटा उद्भवला. राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीस बोलाविले, आणि १७४३ पासून सत्ता भोसल्यांच्या हाती गेली. गोंडराजाकडे किताब व नेमणूक राहिली. घरातील भांडणाने राज्य कसे जाते, याचा हा धडा प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता एक विनंती. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन निघा. लोकमान्य नगरहून मेट्रोने कॉटन मार्केटला उतरा आणि तलाव पाहा. तेथून सक्करदऱ्यास जा. त्या भागात गोंड राजघराण्याचे जुने दफनस्थान आहे. भोवती घरे, दुकाने, वाहनांची वर्दळ. आणि मध्ये ज्यांनी हे नगर वसविले त्या घराण्याच्या कबरी! तेथे सलाम करा, मगफिरतीची दुआ मागा. कबरीवर पाय पडू देऊ नका, दगडावर नावे कोरू नका. कबरीची जियारत माणसाला मृत्यूची आठवण देते, हे आपल्याला लहानपणापासून शिकविले गेले आहे. येथे ती आणखी एक आठवण देते: सत्ता जाते, पण लोकांच्या तहानेसाठी केलेले काम तीन शतकांनंतरही उभे राहते.

तलावात कचरा टाकणारा हात आपल्यापैकी कोणाचा नसावा. मुलांनी परत आल्यावर पाहिलेले वहीत लिहावे, आजी-आजोबांना विचारून त्यात भर घालावी. या शहराच्या इतिहासात आपण पाहुणे नाही. पायाभरणीपासूनचे भागीदार आहोत. मात्र भागीदाराला हक्काबरोबर जबाबदारीही असते. ती ओळखणे, हेच खरे शिक्षण होय.